सिलाटवर चित्र काढलंय, पण शेजारचे पाकचिक म्हणतात पाय खोटा आहे

ओलाकागद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितेय, सांभाळून घ्या. चित्र पूर्ण झालं असं वाटून गेल्या रविवारी कोपऱ्यात सही ठोकली आणि सोमवारी संध्याकाळी त्या सहीचीच लाज वाटायला लागली, म्हणून हा धागा.

मागचं थोडं सांगते. आम्ही मलेशियात शाह आलमला राहतो, क्वालालंपूरपासून जवळच आहे, सात वर्षं झाली. शेजारचं घर मलय. त्या घरातल्या आजोबांना अख्खी गल्ली पाकचिक म्हणते, म्हणजे आपलं काका, आणि आजींना माकचिक. तर हे पाकचिक दर शनिवारी रात्रीची नमाज झाली की सुराऊच्या (गल्लीतली छोटी मशीद समजा) मागच्या मोकळ्या जागेत पोरांना सिलाट शिकवतात. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, सिलाट म्हणजे मलय लोकांची पारंपरिक युद्धकला, नुसत्या हातापायाची पण आणि शस्त्रांची पण. सहा वर्षं मी हे सगळं बाल्कनीतून कपडे वाळत घालता घालता बघितलं आणि खरं सांगायचं तर मला ते जरा नाचासारखंच वाटायचं, कुणी कुणाला लागेल असं मारतच नाही.

मग मागच्या वर्षी त्यांच्याकडे लग्न निघालं. इथे नवरा-नवरीला त्या दिवसापुरतं राजा सहारी म्हणतात, एका दिवसाचा राजा, आणि राजा आला म्हणजे त्याच्यापुढे खेळ करून दाखवायला हवा, म्हणून मांडवाच्या तोंडाशी सिलाट पुलुत झालं. पुलुत म्हणजे चिकट भात. दोन गडी, काळे कपडे, कमरेला जरीचं सांपिंग, डोक्याला घडी घातलेलं टोकदार तेंगकोलोक. एक मोठा ढोल, एक धाकटा ढोल, गोंग आणि सेरुनाई. सेरुनाई सुरू झाली आणि मी चमकलेच, हुबेहूब आपली सनई, फक्त ती कुणाला तरी चिडवतेय असं वाजवणं. आणि ते दोघं एकमेकांभोवती इतके हळू फिरत होते ना, की माझ्या हातातलं सरबत कलंडून साडीवर सांडलं तरी मला कळलं नाही.

तर चित्र. दोन फूट बाय तीन फूट कॅनव्हास, तेलरंग, शनिवार-रविवार धरून चार महिने. डावीकडचा खाली बसल्यासारखा पवित्रा घेऊन, उजवीकडचा केरिस (मलय कट्यार) घेऊन चालून आलेला. मागे काही नाही, नुसता गढूळ पिवळा. मॉडेल म्हणून पाकचिकांचा नातू उभा राहिला, कॉलेजला आहे, एकटाच मोकळा होता म्हणून दोघंही तोच. एकाला मिशी काढून बघितली, वाईट दिसली, पुसली.

सोमवारी पाकचिक केळीच्या पानातले गोड पदार्थ घेऊन आले आणि चित्र समोरच इझलवर होतं. बराच वेळ बघितलं. मग उजवीकडच्याच्या पाठीत खोचलेली म्यान दाखवून म्हणाले, हा जावाहून आलाय का? मी इंटरनेटवरचा फोटो बघून म्यान पाठीशी खोचली होती, तो निघाला जावा बेटावरचा, तिकडे केरिस पाठीशी खोचतात आणि मलय लोक डाव्या कुशीला. बरं, ते एक झालं. मग डावीकडच्याकडे बोट करून म्हणाले, "छान आहे. पण हा पडेल. याचा पाय खोटा आहे."

आणि चहा पिऊन गेले.

फोटो टाकलाय. सांगा काय दिसतंय. आणि वाळलेल्या तेलरंगात पाय दुरुस्त करता येतो का?

चकलीताई

मी पहिली! फोटोत ट्यूबलाइटचा पट्टा बरोब्बर त्या पायावरच पडलाय त्यामुळे पाय खरा की खोटा ते कळायला मार्ग नाही. बाकी चित्र काय सुंदर झालंय गं, ते लाल-सोनेरी वस्त्र तर हात लावून बघावंसं वाटतंय. आणि केळीच्या पानातलं गोड काय होतं तेवढं सांग.

ओलाकागद

दिवसाउजेडीचा फोटो टाकला खाली. गोड म्हणजे भिजवलेला पुलुत, नारळाचं दूध आणि आत गूळ-खोबरं, आपल्या पातोळ्यांची चुलत बहीण.

जुनाब्रश

आता नीट बघितलं. आवडलेलं आधी सांगतो. मागे नारळाची झाडं, घर, सूर्यास्त असलं काही घातलं नाहीस त्याबद्दल शाबासकी. दोघांच्या मधे जी रिकामी जागा राहिलीय तिचा आकार बघ, वरती रुंद आणि खाली निमुळता, कोयत्यासारखा. तोच या चित्राचा हिरो आहे आणि तो तुला न कळत आलाय असा माझा संशय आहे.

आता न आवडलेलं. काळे कपडे तू ट्यूबमधल्या काळ्याने रंगवलेत, हो ना? मेलेत ते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा कर, कुठे निळ्याकडे झुकव कुठे तपकिरीकडे, मग कापडाखाली माणूस आहे असं वाटेल. सांपिंगची जर मात्र तू सोनेरी रंग न वापरता केलीयस ते बेस्ट, यलो ऑकरच्या पोटात दोन-चार ठिकाणीच लेमन यलोचे ठिपके. पैठणीचा पदर रंगवताना भले भले तिथेच फसतात, अख्खा पदर चमकवून ठेवतात.

पायाचं मला कळत नाही. शरीरशास्त्राने घोटा बरोबर आहे, बोटं बरोबर आहेत. तुमचे काका नक्की कशाला खोटा म्हणतात?

तालमीतला_बाळू

मी सांगतो. मी काय चित्रकार न्हाई, सांगलीकडं धा वर्सं लाल मातीत लोळलोय एवढंच. ताई तुमचा डावीकडचा गडी खाली बसलाय पण त्याचं वजन कुठं हाय ते ठरलेलंच न्हाई. दोन्ही पायावर निम्मं निम्मं टाकलंय तुमी, फोटो काढायला उभा राहिल्यावर मानूस ठेवतो तसं. समोरचा अंगावर येतोय म्हनल्यावर कुठलातरी एक पाय रिकामा पायजे का नको, नायतर हलनार कसा? पुढचा पाय जमिनीला चिकटलाय, टाच बी टेकलीय आन चवडा बी. हा गडी समोरच्यानं नुसती फुंकर मारली तरी बसंल खाली. काका बराबर बोलले.

ओलाकागद

बाळूदादा, नातू खरंच फोटोसाठीच उभा होता हो. मी मोबाईलवर फोटो काढले आणि त्यावरून पाय काढला. तो तसा दोन मिनिटं उभा राहू शकला म्हणजेच तो पवित्रा नव्हता, आता लक्षात येतंय.

मावळखोरे

चित्र चांगलं आहे पण एक विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे कोल्हापुरात मर्दानी खेळ आहेत, लाठी आहे, विटा (दोरी बांधलेला भाला) आहे, दांडपट्ट्याला तर २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलंय. ते सोडून परदेशातल्या कुस्तीवर चार महिने घालवायचं कारण काय? आपल्या पट्टेकऱ्यांची चित्रं कोण काढणार?

चकलीताई

झालं, आला का हा प्रतिसाद. मी घड्याळ लावून बसले होते.

ओलाकागद

राग नाही हो. पण माझ्या बाल्कनीतून कोल्हापूर दिसत नाही, सुराऊचं मागचं अंगण दिसतं. जे सात वर्षं रोज बघितलं तेच हाताला येणार ना. दांडपट्टा मी आयुष्यात दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा मिरवणुकीत, गर्दीच्या डोक्यांवरून. त्यावर काढलं तर तोही खोटा पायच होईल.

जुनाब्रश

+१. मावळखोरे, तुम्हीच काढा की पट्टेकरी. खरंच म्हणतोय, टोमणा नाही.

पणजीची_पावशी

परदेश परदेश म्हणताय तर एक गंमत. पेंचाक सिलाट (सिलाटचंच इंडोनेशियातलं नाव) आमच्या गोव्यात २०२३ च्या राष्ट्रीय खेळांत होतं. म्हणजे खेळाची जी बाजू आहे ती भारतात येऊन पोचलीय. त्याच्या आधी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये पहिल्यांदा मेडलसाठी घेतलं तेव्हा १६ पैकी १४ सुवर्णं इंडोनेशियाने नेली होती, घरच्या मांडवात घरचेच जेवले.

आणि जुनं नातं काढायचं तर पोर्तुगीज अल्बुकर्कने १५१० मध्ये आमचं गोवा घेतलं आणि इथून जहाजं घेऊन जाऊन १५११ च्या ऑगस्टमध्ये मलाक्का, म्हणजे मलय सुलतानाचं बंदर, घेतलं. सिलाटच्या बऱ्याच वीरकथा त्या बुडालेल्या मलाक्काच्या दरबारातल्या, त्यामुळे त्यांच्या चित्रांत ते जुनं दुखणं असणारच.

फक्तशंका

सिलाट नक्की कुणाचं, मलेशियाचं का इंडोनेशियाचं? दोघं भांडतात असं वाचलंय.

पणजीची_पावशी

बाटिकवरून, नाचांवरून, खाण्यावरून, सगळ्यावरून भांडतात. पण युनेस्कोने डिसेंबर २०१९ मध्ये एकाच बैठकीत दोन्ही नोंदी घेतल्या, मलेशियाचं सिलाट आणि इंडोनेशियाच्या पेंचाक सिलाटच्या परंपरा. पुरणपोळीला दोन जीआय टॅग मिळाल्यासारखं.

मलाक्कामेल

उशिरा आलो. मी मलेशियातच, जोहोरला असतो, पंधरा वर्षं झाली, त्यामुळे थोडा जास्त लिहीन, झेपेल तेवढं वाचा.

ओलाकागद, तुम्ही म्हणता मॉडेल एकच होता म्हणून दोघांना एकच चेहरा आला आणि तुम्ही मिशी काढून तो लपवायला गेलात. मिशी पुसलीत ते देवाने सुचवलं असं समजा. कारण मलेशियातला सिलाटचा सगळ्यात नावाजलेला चित्रकार, अम्रोन ओमार, त्याने नेमकं हेच करून ठेवलंय आणि तेही जाणूनबुजून. १९५७ चा जन्म, केदाहमधल्या आलोर सेतारचा. त्याची 'पर्तारुंगान' म्हणून मालिका आहे, पर्तारुंगान म्हणजे झुंज, १९८० च्या सुमारास सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षं तोच विषय धरून ठेवला. दोन गडी सिलाट खेळतायत, मागे मोकळी जागा, आणि मॉडेल स्वतः चित्रकार. म्हणजे माणूस स्वतःशीच झुंजतोय. तुमच्या नातवाने तुमच्याकडून तेच करून घेतलं.

आणि तो काळ लक्षात घ्या. १९६९ च्या दंगलीनंतर १९७१ मध्ये तिथे राष्ट्रीय संस्कृतीचं धोरण ठरलं, मलय संस्कृती हा पाया, इस्लाम महत्त्वाचा घटक वगैरे. त्याचा परिणाम चित्रकारांवर झालाच. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात बरेच मलय चित्रकार माणसाची आकृती सोडून अक्षरं, नक्षी, भूमितीकडे वळले. अशा वेळी हा गडी स्नायू, घाम, कापडाच्या चुण्या असलं अस्सल माणूस-चित्र काढत बसला, पण विषय मात्र असा निवडला की याहून मलय काही असूच शकत नाही. मला यात त्याची हुशारी पण दिसते आणि हट्ट पण.

एकसारख्या चेहऱ्यांमागे अजून एक गोष्ट आहे जी इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. हांग तुआ आणि हांग जेबात. मलाक्काच्या सुलतानाच्या पदरचे जिवलग मित्र, एकाच गुरूचे चेले. तुआवर खोटा आळ येतो, सुलतान त्याला मारायचा हुकूम देतो, प्रधान त्याला मारत नाही, गुपचूप लपवतो. जेबातला वाटतं मित्र गेला, तो पेटून उठतो आणि थेट राजवाडाच ताब्यात घेतो. सुलतानाला पळायची वेळ येते, त्याच्याशी लढायला कुणी उरत नाही, मग प्रधान सांगतो की तुआ जिवंत आहे. आणि तुआ येतो. ज्याने याच्यासाठी बंड केलं त्यालाच मारायला येतो, कारण राजाज्ञा. जेबातकडे तामिंग सारी नावाचा केरिस असतो, मुळात तुआचाच, तो हातात असेपर्यंत माणूस मरत नाही, तो तुआ युक्तीने काढून घेतो आणि मित्राला मारतो.

आता बरोबर कोण? पाचशे वर्षं लोक भांडतायत. जुनी पिढी तुआच्या बाजूची, निष्ठा म्हणजे निष्ठा. स्वातंत्र्यानंतरच्या लेखकांना, नाटककारांना जेबात जवळचा वाटायला लागला, अन्यायी राजाला विरोध करणारा. गंमत म्हणजे दुसऱ्या एका जुन्या बखरीत हाच सामना तुआ आणि जेबातचा नाहीच, तुआ आणि कस्तुरीचा आहे. म्हणून मलय माणसाला दोन सिलाटवाले समोरासमोर दाखवले की त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न जिंकणार कोण हा येत नाही, यातला तुआ कुठला हा येतो. पाकचिकांना विचारून बघा.

जाता जाता, तुआची पदवी लक्समाना, म्हणजे आरमाराचा मुख्य. हा शब्द आपल्या लक्ष्मणावरून आलाय. मोठ्या भावाची आज्ञा मोडायची नाही, अगदी तोच.

फक्तशंका

काय जबरदस्त माहिती, यावर वेगळा धागा काढाच.

मावळखोरे

मलाक्कामेल, मान गये. ही गोष्ट माहीत नव्हती. मित्राला मारायला मित्रच पाठवायचा हे राजकारण मात्र सगळीकडे सारखंच. माझा आधीचा प्रतिसाद जरा घाईत होता.

ओलाकागद

चार दिवस गायब होते कारण बरंच काही झालं.

पहिलं म्हणजे अम्रोन ओमारची चित्रं पुस्तकात शोधून बघितली. तासभर एका पानावरून पुढे सरकले नाही. माझ्या चित्रात मी किती घाबरून घाबरून कापड रंगवलंय ते तिथे कळलं. त्याच्याकडे कापड झटकलं जातं, कपड्याला वेळ असतो, म्हणजे हात पुढे गेला तरी बाही अजून मागेच राहिलीय. मी बाही हाताबरोबर इमानदारीत पाठवून दिली होती. पुढच्या सुट्टीत जालान तमेरलोहच्या बालाई सेनी नगारामध्ये जायचं ठरवलंय, म्हणजे इथल्या राष्ट्रीय कलादालनात.

दुसरं, मलाक्कामेल, विचारलं पाकचिकांना की यातला तुआ कुठला. ते हसले आणि म्हणाले, माकचिकला विचार. माकचिक म्हणाल्या, दोघंही माझा नातू आहे, कुणालाही लागता कामा नये. विषय संपला.

तिसरं, शनिवारी मी गेलांगगांगला गेले. बाल्कनीतून नाही, खाली, चपला काढून. गेलांगगांग म्हणजे आखाडा. इथे साधी माती आणि काँक्रीटचा तुकडा आहे, एका खांबावर पांढरा दिवा, त्याभोवती ढीगभर पाखरं. सुरुवातीला सगळी पोरं हात जोडून गुरूला वंदन करतात, आणि हो, गुरू शब्द गुरूच आहे, सगळ्यात वरचा तो महागुरू. मी स्केचबुक घेऊन भिंतीशी बसणार तेवढ्यात पाकचिक म्हणाले, आधी उभी राहा. मी म्हटलं मी त्रेचाळीस वर्षांची आहे, ते म्हणाले कोपऱ्यात बसलेला तो सत्तरचा आहे.

तर कुडा-कुडा करायचा. कुडा म्हणजे घोडा, म्हणजे आपण घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहायचं. मी राहिले. मला वाटलं मस्त जमलंय. पाकचिकांनी दोन बोटं माझ्या खांद्यावर ठेवली, ढकललं पण नाही, फक्त ठेवली आणि थोडा भार दिला, आणि मी शेजारच्या पोराच्या अंगावर जाऊन पडले. सगळी पोरं एकदम तोंड फिरवून हसली, समोर हसायचं नाही एवढे संस्कार आहेत.

मग त्यांनी मला माझ्याच चित्रातला पाय करून दाखवला. दोन्ही पावलं सपाट. म्हणाले हा मेलेला. मग मागच्या पायावर बसले, अक्षरशः बसले, जणू खाली अदृश्य पाट आहे, आणि पुढचं पाऊल जमिनीवर नुसतं ठेवलं. चवडा टेकलेला, टाच वर, इतकी वर की खालून एक कागद सरकवता यावा. माझं स्केचबुक घेतलं आणि त्यातलं एक पान खरंच टाचेखालून सरकवून दाखवलं. पानावर मातीचा डाग पडलाय, ते पान मी जपून ठेवणारे. म्हणाले, हा पाय अजून कुठेही जाऊ शकतो. पुढे, मागे, समोरच्याच्या घोट्यामागे. म्हणून समोरचा थांबतो.

बाळूदादा, तुम्ही शब्दशः हेच लिहिलं होतंत. मी त्यांना तुमचा प्रतिसाद मोडक्यातोडक्या मलयमध्ये सांगितला, तर त्यांनी विचारलं, हा कुणाचा चेला?

तालमीतला_बाळू

सांगा त्यास्नी, वस्तादाचं नाव घेतलं तर वस्ताद वरनं येऊन कान पिळंल, मी अर्धवट सोडलीया तालीम. पन लई बरं वाटलं. पेपर सरकवायची आयडिया भारी हाय, आमच्यात कुनी असं केलं न्हाई.

जुनाब्रश

खांद्यावर दोन बोटं ठेवली तो प्रसंगच चित्र आहे खरं तर. असो. मग आता पाय बदलतेस ना? वाळून किती दिवस झाले?

ओलाकागद

पायाचा भाग दीड महिन्यापूर्वीचा आहे, वरवर कोरडा आहे. पण थांबा, अजून एक गोष्ट राहिली, मला ती सगळ्यात जास्त लागली.

सिलाटमध्ये दोन शब्द सारखे येतात, बुंगा आणि बुआ. फूल आणि फळ. बुंगा म्हणजे ते हळू फिरणं, हाताचे हेलकावे, ज्याला मी सहा वर्षं नाच समजत होते. बुआ म्हणजे त्यातून निघणारा खरा डाव, पकड, फटका, पाडणं. लग्नात दाखवतात ते बहुतेक बुंगाच. मी पाकचिकांना विचारलं माझ्या चित्रात काय आहे. ते म्हणाले उजवीकडच्याने फळ तोडायला हात घातलाय पण झाडाला फूल कधी आलंच नाही. म्हणजे त्याचा केरिसचा हात एकदम सरळ आलाय, कुठून आला त्याचा पत्ता नाही. मी भांडले थोडी, म्हटलं चित्रात एकच क्षण असतो, आधीचं कसं दाखवू? ते म्हणाले मला काय माहीत, चित्रकार तू आहेस.

मलाक्कामेल

हाहा. अस्सल गुरू. उत्तर बाहीत आहे, तुम्हीच वर लिहिलंय. हात पुढे आणि बाही मागे राहिलेली. आधीचा क्षण बाहीत ठेवा.

आणि एक बारीक. तुमच्या डावीकडच्याचा सदरा बिनकॉलरचा आहे, तेलोक बलांगा पद्धतीचा, आमच्या जोहोरकडचा. त्याच्यावर सांपिंग सदऱ्याच्या आतून नेसतात, वरून नाही. उभ्या कॉलरचा, पाच बटणांचा जो असतो, चकाक मुसांग, त्याच्यावर बाहेरून. तुम्ही सदरा एकाचा आणि नेसण दुसऱ्याचं केलंय. तशी सिलाटच्या कपड्यांत सूट असते, पण माकचिकांनी अजून बघितलं नसेल म्हणून बचावलात.

ओलाकागद

अरे देवा. त्यांनी बघितलंय, फक्त बोलल्या नाहीत. आता कळलं त्या दिवशी गळ्याकडे बघून हूं का म्हणाल्या. कॉलर लावणं सोपं आहे, सांपिंग पुसवणार नाही माझ्याच्याने.

चकलीताई

आणि डोक्यावरचं? ते टोकदार काय म्हणालीस ते, त्यात पण काही चूक निघेल बघ.

मलाक्कामेल

तेंगकोलोक. त्याच्या घडीची पण नावं असतात. एकाचा अर्थ वाऱ्याला सामोरी जाणारी घार. मलेशियाच्या राजाच्या, म्हणजे यांग दी-पर्तुआन आगोंगच्या, डोक्यावर जी घडी असते तिचं नाव दंडाम ताक सुदा, न संपलेलं वैर. चित्रातली घडी मला ओळखू येत नाही त्यामुळे गप्प बसतो.

ओलाकागद

ती घडी नातवाने यूट्यूब बघून घातली होती, त्यामुळे तिचं नाव 'इंटरनेट स्लो होतं'.

जुनाब्रश

पायाकडे या. असं कर. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रंगाचा उंचवटा तेवढा घास, हलक्या हाताने, आणि घासताना मास्क लाव, त्या धुळीत काय काय रंगद्रव्यं असतात. जुन्या पायाची कड राहिली तर नवीन पायाखालून रेघ उठून दिसेल. मग अगदी पातळ तेलाचा हात पुसून घे आणि वर नवीन पाय. पहिल्या थरापेक्षा वरच्या थरात तेल थोडं जास्त हवं, नाहीतर तडकेल. आणि तुमच्या तिकडच्या दमट हवेत कॅनव्हासला मागून बुरशी धरते, भिंतीला चिकटवून टांगू नकोस, मागे दोन बुचं लावून हवा खेळती ठेव.

एक माहीत असू दे, तेलरंग वर्षानुवर्षांनी थोडा पारदर्शक होतो. जुन्या मास्टर लोकांच्या चित्रांत घोड्याला पाचवा पाय दिसायला लागतो तो त्यामुळेच. तुझा खोटा पाय पण कधीतरी वर येईल.

मावळखोरे

तोपर्यंत नातवाचे नातू म्हणतील आमच्या पणजोबांना तीन पाय होते.

ओलाकागद

झालं. तीन रविवार गेले. म्यान पाठीवरून डाव्या कुशीला आणली, पाय घासून नवीन काढला, टाच वर, टाचेखाली एक पातळ सावली ठेवलीय कागदाएवढी. काळा सगळा पुन्हा केला निळा-तपकिरी मिसळून, खरंच माणूस आला आत. बाही मागे ठेवली. गळ्याला कॉलर. चेहरे तसेच ठेवले, दोघंही नातू.

पायाला नातवाचा फोटो वापरला नाही. शनिवारी तिथेच बसून काढला, पाकचिक उभे आणि मी मातीत, आणि तो पाय एका जागी एवढा थोडा वेळ असायचा की अकरा पानं गेली. चित्रात जो आहे तो एकाच पानावरचा नाही, चौथ्या पानाचा घोटा आणि नवव्याचा चवडा.

काल संध्याकाळी पाकचिक आले. पाच मिनिटं बघितलं. काही बोलले नाहीत. मग इझलच्या शेजारीच माझ्या हॉलमधल्या चटईवर तसाच पवित्रा घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, ढकल. मी आधी दोन बोटांनी, मग दोन्ही हातांनी ढकललं. खांदा वळला आणि माझे हात रिकामेच पुढे गेले, मी सोफ्यावर. ते तिथेच.

मग चित्रातल्याकडे बोट केलं आणि म्हणाले, आता याला ढकल.

चकलीताई

मग? ढकललंस?

ओलाकागद

रंग ओला होता गं.